दाबल्याची खूण

संगणकाच्या पडद्यावरचे बटण हे एक चित्र असते. त्याच्याखाली स्प्रिंग नसते, धातूच्या पट्ट्या नसतात, बोटाखाली काही हलत नाही. तरीही ते दाबले गेल्यासारखे वाटते, कारण माउसची कळ खाली जाताच चित्र बदलते आणि कळ सुटताच पूर्ववत होते. १९८४च्या मॅकिंटॉशवर हा बदल अगदी सरळ होता. पडदा काळा-पांढरा, म्हणून दाबलेल्या बटणात काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होई. पुढे नेक्स्टस्टेप, मोटिफ आणि विंडोज ३.० यांनी बटणाला उठाव दिला. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरून वरची आणि डावी कड उजळ, खालची आणि उजवी कड गडद रंगवली की सपाट चौकोन पडद्यातून वर आल्यासारखा दिसतो. याच कडांची अदलाबदल केली की तो आत गेल्यासारखा दिसतो. विंडोज ९५मध्ये त्याच्या जोडीला बटणावरची अक्षरेही एका पिक्सेलने खाली आणि उजवीकडे सरकत. एका पिक्सेलची ही हालचाल कोणी मुद्दाम पाहत नाही, पण ती नसली की बटण मेल्यासारखे वाटते. आताच्या सपाट बटणांना उठाव उरलेला नाही. दाबल्याची खूण तेथे केवळ रंगाच्या छटेवर येऊन थांबली आहे, आणि म्हणून ती अधिकच जपून ठेवावी लागते.

माणूस माउसने बटण दाबतो तेव्हा दोन गोष्टी बरोबर घडतात: बटणामागचे काम होते आणि दाबल्याचे दृश्य दिसते. त्या एकत्र घडतात म्हणून एकच वाटतात. प्रोग्रामने स्वतः बटण दाबायचे ठरवले की त्या सुट्या होतात. काम करून दृश्य न दाखवणे शक्य असते आणि काम न करता नुसते दृश्य दाखवणेही शक्य असते. डेस्कटॉप प्रोग्रामिंगमधला हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. यंत्र जे करते ते माणसाला दिसले पाहिजे, हा यंत्र आणि माणूस यांच्यातला मूळ करार मात्र या छोट्याशा जागी रोज पाळला किंवा मोडला जातो.

आधी बोटाने दाबण्याची रचना पाहावी लागते. जावाच्या स्विंग या संचात ती फार स्वच्छ मांडलेली आहे. तेथे बटणाच्या चित्रामागे एक 'मॉडेल' असते आणि त्यात बटणाच्या अवस्था नोंदलेल्या असतात. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. 'प्रेस्ड' म्हणजे कळ खाली आहे. 'आर्म्ड' म्हणजे आत्ता कळ सोडली तर काम होईल. माउस बटणावर असताना कळ दाबली की दोन्ही अवस्था खऱ्या होतात आणि बटण आत गेलेले दिसते. कळ न सोडता माउस बटणाबाहेर ओढला की 'आर्म्ड' खोटे होते, 'प्रेस्ड' खरेच राहते, आणि बटण पुन्हा वर आलेले दिसते. माउस परत आत आणला की ते परत दबते. काम सुरू होते ते कळ सुटण्याच्या क्षणी, आणि तेही त्या क्षणी बटण 'आर्म्ड' असेल तरच.

कळ दाबणे आणि काम होणे यांच्यामध्ये ठेवलेली ही फट म्हणजे माणसाला दिलेली सवलत आहे. 'काढून टाका' या बटणावर माउस दाबला गेला आणि त्याच क्षणी चूक लक्षात आली, तर बोट न उचलता माउस बाजूला नेऊन सुटका करून घेता येते. वेबवरील सुगम्यतेच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१मध्ये, हीच अपेक्षा निकष म्हणून नोंदवली गेली: दाबताक्षणी काम उरकू नये, मागे फिरायला वाट असावी. डेस्कटॉपच्या बटणांनी ती वाट फार आधीपासून ठेवली होती. मात्र ती वाट दिसते तेव्हाच उपयोगी पडते. बाहेर ओढल्यावर बटण वर आलेले दिसले नाही, तर आपण वाचलो की नाही हे माणसाला कळणारच नाही.

प्रोग्रामने बटण दाबण्याची गरज अनेक ठिकाणी पडते. डायलॉगमध्ये एंटर दाबला की 'ठीक आहे' हे बटण दाबले गेले असे मानले जाते. कॅल्क्युलेटरमध्ये अंकांची बटणे पडद्यावर असतात आणि वापरणारा मात्र कळफलकावरचा ७ दाबतो. प्रशिक्षणाच्या प्रोग्राममध्ये 'आता हे बटण असे दाबा' हे करून दाखवायचे असते. अशा प्रत्येक वेळी बोट कुठे तरी दुसरीकडे असते आणि पडद्यावरच्या बटणाला त्याचा पत्ता नसतो.

ॲपलने हा प्रश्न लवकर ओळखला. मॅकिंटॉशच्या प्रोग्रामरांसाठीच्या 'इनसाइड मॅकिंटॉश' या ग्रंथमालेत त्यासाठी सरळ कृती दिलेली होती: रिटर्नची कळ दाबली गेली की मुख्य बटण उलट्या रंगात दाखवा, ८ टिक थांबा, पुन्हा मूळ रंगात आणा, आणि मग पुढचे काम करा. मॅकचा एक टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे हा थांबा सुमारे १३३ मिलिसेकंदांचा. प्रक्रियेचा वेग आजच्या मानाने फारच कमी असलेल्या त्या यंत्रावर, केवळ माणसाला दिसावे म्हणून प्रोग्रामला मुद्दाम थांबायला सांगितले गेले होते. याच्या उलट, विंडोजच्या साध्या डायलॉगमध्ये एंटर दाबल्यावर मुख्य बटणाचा आदेश थेट डायलॉगकडे जातो आणि बटणाचे चित्र जागचे हलत नाही. काम दोन्हीकडे सारखेच होते, पण कोणते बटण दाबले गेले याचा पुरावा एकाच ठिकाणी मिळतो.

पुढच्या काळातल्या बहुतेक संचांनी प्रोग्रामने बटण दाबण्याची तयार सोय दिली, मात्र प्रत्येकाचा या प्रश्नाकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेगळा. स्विंगमध्ये 'डू-क्लिक' आहे. ते बटण आत गेलेले दाखवते, थोडे थांबते, सोडते आणि सोडताना काम सुरू करते. हा थांबा किती असावा हे सांगता येते, आणि सांगितले नाही तर ६८ मिलिसेकंद धरले जातात. क्यूटीमध्ये 'क्लिक' आणि 'ॲनिमेट-क्लिक' अशी दोन वेगळी कार्ये आहेत. पहिले नुसते काम करते, दुसरे बटण दाबते आणि १०० मिलिसेकंदांनी सोडते. तिसरे 'सेट-डाउन' आहे, ते फक्त चित्र दाबलेले दाखवते आणि कोणताही संदेश पाठवत नाही. काम, दृश्य आणि दोन्ही मिळून अशा तीन वेगळ्या गरजांना तीन वेगळी नावे देण्याची ही रचना सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याला नेमके काय हवे आहे याचा विचार तेथे टाळता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या जगात चित्र विस्कळीत आहे. मूळ विंडोजच्या 'बीएम-क्लिक' या संदेशाने बटणाला माउस दाबल्याचा आणि सोडल्याचा असे दोन संदेश लागोपाठ मिळतात, मध्ये थांबा नसल्याने डोळ्याला क्वचितच काही दिसते. शिवाय बटण ज्या डायलॉगमध्ये आहे तो सक्रिय नसेल तर हा संदेश निष्फळ ठरू शकतो. नुसत्या दृश्यासाठी 'बीएम-सेटस्टेट' हा वेगळा संदेश आहे. विंडोज फॉर्म्समधले 'परफॉर्म-क्लिक' काम करते, पण बटण हलत नाही. डब्ल्यूपीएफमध्ये बटण दाबलेले आहे का हे बाहेरून वाचता येते, बदलता येत नाही. तेथे बटणापासून नवा प्रकार तयार करावा लागतो किंवा बटणाच्या साच्यातल्या 'दाबलेले' या दृश्य-अवस्थेकडे त्याला न्यावे लागते.

या विषयात नवख्या प्रोग्रामरला हमखास अडवणारी एक जागा आहे. तो तीन ओळी लिहितो: बटण दाबलेले दाखव, काम कर, बटण सुटलेले दाखव. प्रोग्राम चालतो, काम होते, आणि बटण जराही हललेले दिसत नाही. मध्ये अर्धा सेकंद थांबायला सांगितले, तर सगळी खिडकी अर्धा सेकंद गोठते आणि बटण तरीही हलत नाही. कोडमध्ये चूक सापडत नाही, कारण ओळींचा अर्थ बरोबरच असतो. चूक असते ती 'दाखव' म्हटले की लगेच दिसते या समजुतीत.

जवळजवळ सर्व डेस्कटॉप संचांत पडद्याशी संबंधित सगळी कामे एकाच धाग्यावर (थ्रेडवर), एकामागून एक होतात. माउसची हालचाल, कळांचे दाब, टाइमरच्या सूचना, खिडकी पुन्हा रंगवण्याच्या मागण्या, सगळे एका रांगेत उभे असते. 'बटण दाबलेले दाखव' ही ओळ प्रत्यक्षात काही रंगवत नाही, ती रंगवण्याची मागणी रांगेत ठेवते. सध्याचे काम पूर्ण होऊन धागा रांगेकडे परतेपर्यंत त्या मागणीकडे कोणी पाहत नाही. परत येईपर्यंत बटण सुटलेले असते. विंडोजमध्ये रंगवण्याचा संदेश इतर संदेशांच्या मागे राहतो आणि अनेक मागण्यांची एकच केली जाते. स्विंगमध्येही मागण्या अशाच गोळा होतात. शेवटी एकदाच रंगकाम होते, आणि ते सुटलेल्या बटणाचे. दाबलेली अवस्था प्रोग्रामच्या स्मृतीत होऊन गेलेली असते, पडद्यावर ती कधी आलेलीच नसते.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रांग न पाहता तत्काळ रंगवून घेणे. 'डू-क्लिक' आतून हेच करते: बटणाचा चौकोन त्याच क्षणी रंगवते आणि मग धाग्यालाच ६८ मिलिसेकंद झोपवते. त्या वेळात खिडकीत दुसरे काहीही घडत नाही. एका बटणासाठी हे चालून जाते, पण एखाद्याने ५०० मिलिसेकंदांचा थांबा मागितला तर प्रोग्राम अडखळल्यासारखा वाटू लागतो. दुसरा मार्ग क्यूटीच्या 'ॲनिमेट-क्लिक'चा: बटण दाबलेले दाखवायचे, टाइमर लावायचा आणि धागा मोकळा सोडायचा. वेळ संपली की टाइमर बटण सोडतो. मधल्या काळात पडदा रंगतो, माउस चालतो, दुसरी बटणे दाबली जातात. तेच बटण वेळ संपण्याआधी पुन्हा दाबले गेले तर टाइमर नव्याने सुरू होतो. हा मार्ग अधिक चांगला आहे, फक्त एक पथ्य पाळावे लागते: मधल्या १०० मिलिसेकंदांत खिडकी बंद झाली किंवा बटण निष्क्रिय झाले तर काय, याचे उत्तर आधी ठरवून ठेवावे लागते.

थांबा किती असावा याला पडद्याची एक मर्यादा आहे आणि खूण किती लवकर मिळावी याला माणसाची एक. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. दाबणे आणि सोडणे त्याच्या आत उरकले तर दृश्य पडद्यावर येण्याची खात्रीच नाही. ६८ मिलिसेकंद म्हणजे चार चित्रे, १०० म्हणजे सहा. माणसाच्या बाजूची मर्यादा आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८मध्ये मांडली: कळ दाबल्यापासून ती दाबली गेल्याची खूण मिळेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, म्हणजे ती खूण दाबण्याच्याच क्रियेचा भाग वाटते. दारावरची घंटा आत वाजली की नाही हे बाहेर उभ्या पाहुण्याला ऐकू आले नाही तर तो ती पुन्हा दाबतो. पडद्यावर 'पैसे पाठवा' या बटणाच्या बाबतीत असे झाले तर परिणाम अधिक गंभीर असतात.

दृश्याची गरज असते आणि कामाची नसते, अशी सर्वांत बोलकी जागा टंकलेखन शिकवणाऱ्या प्रोग्राममध्ये सापडते. महाराष्ट्रात हा विषय हजारो विद्यार्थ्यांच्या रोजच्या सरावाचा आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा आता संगणकावर होतात, आणि मराठीसाठी मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या परीक्षा आहेत. सरावाच्या प्रोग्राममध्ये पडद्याच्या खालच्या भागात कळफलकाचे चित्र असते. विद्यार्थी खरी कळ दाबतो तेव्हा चित्रातली तीच कळ दबलेली दिसावी, म्हणजे नजर हाताकडे न वळवता बोट कुठे पडले ते कळते.

देवनागरीत या दृश्याला एक जास्तीचे महत्त्व येते. इन्स्क्रिप्ट मांडणीत 'स्त्री' लिहायला स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा एकामागून एक दाबाव्या लागतात. पडद्यावर उमटते ते एकच जोडाक्षर, त्यात हलन्त कुठेही दिसत नाही. 'कि' लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी दाबतात, पण मजकुरात वेलांटी क-च्या डावीकडे जाऊन बसते. जुन्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला माणूस वेलांटी आधी दाबतो, आणि इन्स्क्रिप्टकडे वळताना त्याची सर्वाधिक अडचण इथेच होते. उमटलेला मजकूर कळांचा क्रम लपवून टाकतो. चित्रातल्या कळा ओळीने दबताना दिसल्या तरच तो क्रम डोळ्यांसमोर येतो. लॅटिन लिपीच्या सरावात दबणारी कळ ही केवळ सोय असते. देवनागरीत तोच धडा असतो.

असा प्रोग्राम स्विंगमध्ये लिहिताना 'डू-क्लिक' वापरले तर अक्षर दोनदा उमटते, एकदा खऱ्या कळेने आणि एकदा चित्रातल्या कळेच्या कामाने. त्यासाठी काम वगळून दृश्य हवे. 'आर्म्ड' आणि 'प्रेस्ड' दोन्ही खरे करून कळ दाबलेली दाखवायची, आणि सोडताना आधी 'आर्म्ड' खोटे करायचे, नंतर 'प्रेस्ड'. हा क्रम पाळला की काम सुरूच होत नाही. माउस बाहेर ओढून चुकीच्या दाबातून सुटका करून घेण्याची जी वाट माणसासाठी ठेवली होती, तीच येथे प्रोग्रामच्या उपयोगी पडते.

आणखी काही बाबी अनुभवानेच लक्षात येतात. चित्रातली कळ उमटलेल्या अक्षरावरून शोधू नये, कळेच्या जागेवरून शोधावी, कारण मांडणी बदलली की अक्षर बदलते, जागा बदलत नाही. शिफ्ट दाबला असताना क-ची कळ ख दाखवू लागते, ग-ची घ, म्हणून कळांवरची अक्षरेही त्याच क्षणी बदलावी लागतात. कळ दाबून धरली की यंत्रणा तिचा दाब पुन्हापुन्हा कळवत राहते. लिनक्सच्या एक्स खिडकी-प्रणालीत तर प्रत्येक वेळी आधी 'सुटली' आणि मग 'दाबली' असे जोडीने कळवले जाते, त्यामुळे चित्रातली कळ लुकलुकू लागते आणि असे दाब ओळखून वगळावे लागतात. सराईत बोटे पहिली कळ सुटण्याआधीच दुसरी दाबतात, म्हणून प्रत्येक कळेची अवस्था स्वतंत्र ठेवावी लागते. आणि कळ दाबलेली असतानाच दुसरी खिडकी पुढे आली तर ती सुटल्याची बातमी या प्रोग्रामला मिळतच नाही, चित्रातली कळ कायमची दबून राहते. खिडकी मागे पडली की सर्व कळा सोडून द्यायच्या, हा नियम पाळला तर हे टळते.

सुगम्यतेच्या साधनांत काम आणि दृश्य यांची फारकत पुन्हा दिसते. पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीएसारखे प्रोग्राम बटणावर माउस नेतातच असे नाही. विंडोजमध्ये ते यूआय ऑटोमेशनच्या 'इन्व्होक' या आज्ञेने बटणाला थेट काम करायला सांगू शकतात. काम होते, चित्र स्तब्ध राहते. पूर्ण अंध व्यक्तीला याने फरक पडत नाही असे म्हणून हा मुद्दा सोडून देणे चूक आहे. अशा प्रोग्रामांचा आधार घेणाऱ्या अनेकांना थोडे दिसत असते. शेजारी बसून शिकवणारा शिक्षक किंवा एकाच पडद्यावर काम करणारा सहकारी यांनाही काय घडले ते दिसायला हवे. आपले बटण स्वतः रंगवणाऱ्या प्रोग्रामरने अशा दाबालाही तीच खूण द्यावी, यासाठी लागणारे कष्ट फार थोडे आहेत.

चाचण्यांच्या बाबतीत उत्तर उलटे येते. बटणामागचा हिशोब बरोबर आहे का एवढेच तपासायचे असेल तर तो हिशोब थेट चालवावा. शेकडो चाचण्यांत प्रत्येक बटणापाशी ६८ मिलिसेकंद थांबण्याला अर्थ नाही. खरी खिडकी, खरा माउस आणि मध्ये येणारे डायलॉग यांसह सगळे तपासायचे असेल तेव्हा जावाच्या 'रोबोट' वर्गासारख्या साधनांनी यंत्रणेच्या पातळीवरून खोटा माउस चालवावा. येथेही एक खाच आहे: 'बीएम-क्लिक' उत्तराची वाट पाहत पाठवले आणि त्या बटणाने डायलॉग उघडला, तर तो बंद होईपर्यंत चाचणी तेथेच अडकते. अशा वेळी संदेश रांगेत टाकून पुढे जावे लागते.

खोटा दाब खऱ्यासारखा दिसू लागला की तो कोणाचा, हा प्रश्न येतो. ऑगस्ट २०१८मध्ये डेफकॉन परिषदेत पॅट्रिक वॉर्डल यांनी मॅकओएस हाय सिएरामधली त्रुटी दाखवली. सुरक्षेच्या प्रश्नावरचे 'परवानगी द्या' हे बटण प्रोग्रामने दाबू नये म्हणून यंत्रणा कृत्रिम क्लिक अडवत होती. पण 'कळ खाली' हा कृत्रिम संदेश लागोपाठ दोनदा पाठवला तर यंत्रणा दुसऱ्याला 'कळ वर' समजे आणि माणसानेच बटण दाबले असे मानून परवानगी देई. त्याच वर्षी आलेल्या मॅकओएस मोहावेमध्ये ॲपलने कृत्रिम क्लिकवरचे निर्बंध कडक केले. दुसऱ्या प्रोग्रामची बटणे दाबू पाहणाऱ्या प्रोग्रामला मॅकवर वापरणाऱ्याकडून सुगम्यतेची परवानगी घ्यावी लागते. विंडोजमध्ये व्हिस्टापासून कमी अधिकाराचा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या खिडकीला असे संदेश पाठवू शकत नाही, आणि माउसवर खालच्या पातळीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामला कृत्रिम क्लिक एका खुणेवरून वेगळा ओळखता येतो. प्रशासकाची संमती मागणारी खिडकी तर विंडोज मूळ मांडणीत एका स्वतंत्र डेस्कटॉपवर उघडते, जेथे इतर प्रोग्रामांचे क्लिक पोचत नाहीत.